चर्चची मंडळी लांबच्या पल्ल्यासाठी कशी सांभाळावी? तीच चार माणसं थकत चालली आहेत

किनाऱ्यावरचा_सेक्रेटरी

सर्वांना सलाम.

आमची मंडळी प्रोटेस्टंट, दक्षिण रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळची. गावी राहणारी ७२ कुटुंबं, एक मुख्य गाव आणि तीन वाड्या मिळून. त्यातली एक वाडी खाडीपलीकडे. मुंबई, पुणे, आखात आणि बोटीवर असलेले जवळपास तेवढेच. पाळकसाहेब (आमचे पास्टर) बरीच वर्षं इथे आहेत, अजून काही वर्षं राहतील. उपदेश चांगला, वागणं चांगलं, मोठं भांडण कुठलं नाही.

तरी गाडा जड झालाय. संडे स्कूल, गायन, हिशेब, इमारत, स्मशानभूमी, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं त्याच चार-पाच जणांच्या अंगावर. नवीन माणूस पुढे येत नाही, आला तर तीन महिन्यांत गळतो. पावसाळ्यात उपासनेला निम्मी माणसं. मे महिन्यात मुंबईकर येतात आणि कमिटीने वर्षभरात ठरवलेलं आठवड्यात फिरवून जातात. पाळकसाहेबांना आठवड्यात एक दिवससुद्धा मोकळा मिळत नाही.

शिबिर घ्या, उपास-प्रार्थना ठेवा, हे सल्ले मिळालेत आणि ते करतोही. मला रचनेबद्दल विचारायचं आहे. दहा-पंधरा वर्षं एकाच मंडळीत सेवा चालवायची तर कामं कशी वाटावी, माणसं कशी तयार करावी, कुठे घसरतं? ज्यांनी हे नीट चालताना आणि बिघडताना पाहिलंय त्यांनी तपशिलात लिहावं.

निवृत्त_पाळक

सलाम. भक्ती आटल्यामुळे हे होत असेल असं मला वाटत नाही. तुमच्याकडच्या कामांना शेवट नाही, हे खरं दुखणं. 'संडे स्कूल तू बघ' असं सांगितलं की ऐकणाऱ्याला कळतं, हे आता मरेपर्यंत. शहाणा माणूस मान हलवतो आणि पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसतो.

याची मुळं जुनी आहेत. १८२३ साली स्कॉटिश मिशनचे लोक बाणकोट-हर्णै भागात उतरले. पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडे काम उभं केलं. पगार, जमीन, शाळा, दवाखाना, सगळ्याचा निर्णय मिशनच्या बंगल्यात व्हायचा. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, कारभार आपल्या हाती आला, पण 'साहेब बघतील' ही सवय राहिली. साहेबांच्या खुर्चीत पाळक बसला, इतकंच. चांगल्या पाळकाच्या मंडळीत ही सवय जास्त घट्ट होते, कारण तो खरोखरच सगळं बघतो.

बायबलातला निर्गम १८ कमिटीत एकदा बसून वाचा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्याय करत बसलेला, आणि सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशाने तूही झिजशील आणि लोकही झिजतील. रांगेत ताटकळणारे लोकही थकतात, हे आपण विसरतो. मग तो हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगतो. आपल्या मंडळ्यांना त्यातला दहाचा आकडा पुरतो.

७२ कुटुंबांचे सात-आठ गट करा. गट वाडीप्रमाणे करा, भावकीप्रमाणे नको. भावकीचा गट केला की जमिनीचं भांडण प्रार्थनेत येऊन बसतं. खाडीपलीकडच्या वाडीचा गट वेगळाच, तिथे सहाच घरं असली तरी. पावसात तरीची होडी किंवा पूल बंद झाला तर त्यांचं त्यांना चालवता आलं पाहिजे. प्रत्येक गटाला एक कारभारी आणि एक जोडीदार. कारभाऱ्याची कामं तीनच: महिन्यातून एकदा प्रत्येक घराची विचारपूस, आजार-मयत-नोकरी गेल्याची बातमी त्याच दिवशी पाळकाला, आणि महिन्याची एक घरगुती प्रार्थना. वर्गणी गोळा करायचं काम त्याच्याकडे कधीच देऊ नका. पैसे मागणारा माणूस येताना दिसला की लोक आतूनच 'घरात नाहीत' म्हणून सांगतात आणि मग विचारपूसही बंद पडते.

घरगुती प्रार्थना तासाभरात संपवा. दोन गीतं, एक छोटा उतारा, त्यावर दोघा-तिघांनी बोलायचं, मग नावं घेऊन प्रार्थना. बिघडते ती खाण्यावरून. एका घरी चहा-बिस्किट, दुसऱ्या घरी वडे, तिसऱ्या घरी मटण, आणि चौथं घर म्हणतं आमच्याकडे पुढच्या महिन्यात नको. चहा आणि एक कोरडा पदार्थ, याहून जास्त नाही, असा नियम कमिटीने लेखी करावा आणि पहिल्यांदा तो मोठ्या घरात पाळला जावा. दुसरी चूक म्हणजे ज्याची पडवी मोठी त्याच्याच घरी दर वेळी बसणं. वर्षाच्या सुरुवातीलाच कुठल्या महिन्यात कुठलं घर ते ठरवून यादी लावा.

पाळकाच्या भेटी या गटांमुळे थांबत नाहीत. आठवड्याला चार घरं धरली तर ७२ घरांची एक फेरी १८ आठवड्यांत होते. मे, नाताळ आणि झडीचे दिवस सोडून वर्षात दोन फेऱ्या आरामात बसतात. एक वही ठेवा: घर, माणसं, कोण कुठे कामाला, बाप्तिस्मा-दृढीकरण, घरातल्या मयतांच्या तारखा, शेवटची भेट कधी. ही वही नसली की पाळक वाटेवरच्या आणि आवडीच्या घरीच जातो, ते त्याच्या लक्षातही येत नाही. भेट अर्ध्या-पाऊण तासाची. वचन, प्रार्थना, ऐकणं. कमिटीचा विषय भेटीत काढायचा नाही. घरच्यांनी काढला तर 'कमिटीत मांडा' एवढंच.

आता मुदत. तुमच्या धर्मप्रांताच्या (बिशपांच्या हाताखालच्या विभागाच्या) घटनेत कमिटीची मुदत दिली असेल तर तीच पाळायची. पण संडे स्कूल, गायन, इमारत, स्मशानभूमी या कामांना मुदत तुम्ही घालू शकता. तीन वर्षं, फार तर आणखी तीन, मग एक वर्ष पूर्ण विश्रांती. सगळे एकदम बदलू नका. दर वर्षी एक तृतीयांश जागा रिकाम्या होतील असं लावा, म्हणजे जुन्याची आठवण आणि नव्याची उमेद सोबत राहते. पहिल्या वर्षी कोण बाहेर पडणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, कुणाला वाईट वाटत नाही.

नवीन माणूस तीन महिन्यांत गळतो तो काम जड म्हणून क्वचितच. त्याला काम दिलेलं असतं, पण किल्ली दिलेली नसते. त्याला दोन महिने जुन्याच्या शेजारी बसवा, दोन महिने दोघांनी मिळून करावं, दोन महिने नव्याने करावं आणि जुन्याने नुसतं बघावं, मग जुन्याने उठावं. सहा महिने. या काळात जुन्याने लोकांसमोर नव्याला दुरुस्त करायचं नाही. जे सांगायचं ते वाटेत, दोघांतच. २ तीमथ्य २:२ मध्ये पौल शिकवणीच्या चार पिढ्या एका ओळीत मांडतो: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ती ज्यांना शिकवतील ते. आपण दुसऱ्या पिढीवरच अडकतो.

वसईचा_पॅरिशनर

मी कॅथलिक, त्यामुळे आमची रचना वेगळी. पण रोग तोच आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे धर्मगुरूंची बदली ठरलेलीच असते, म्हणून धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची, आठवण लोकांनी सांभाळायची असते. १९८३ च्या कॅनन लॉनुसार, म्हणजे आमच्या चर्चच्या कायद्यानुसार, प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणं बंधनकारक आहे (कलम ५३७). पॅरिश कौन्सिल बिशपांनी ठरवलं तर असते आणि तिचं मत सल्ल्यापुरतं (कलम ५३६). कागदावर सल्ल्यापुरतं असलं तरी ज्या फादरांनी तो सल्ला मनापासून घेतला त्यांची कामं ते गेल्यावरही चालू राहतात. ज्यांनी नुसत्या सह्या घेतल्या त्यांची कामं सामानाबरोबर जातात.

बैठकीबद्दल एक पक्की गोष्ट सांगतो, ती तुमच्या पाळकसाहेबांनाही लागू पडेल. अध्यक्षाने शेवटी बोलावं. तो पहिल्यांदा बोलला की सगळे माना डोलावतात, आणि खरी बैठक नंतर बाहेर पायरीवर होते. विषयपत्रिका तीन दिवस आधी हातात हवी. दीड तासात बैठक संपली पाहिजे. प्रत्येक ठरावापुढे दोन रकाने: कोण करणार, कधीपर्यंत. उठण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवायचे. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच दोन रकान्यांपासून. ज्याचं काम राहिलं त्याला झापायचं नाही, 'काय अडलं?' एवढं विचारायचं. दोनदा तेच अडलं तर काम माणसाला जड आहे किंवा माणूस चुकीचा आहे. तिसऱ्यांदा वाट बघू नका.

तक्रार करणाऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात हेळसांड होते अशी कुरकुर उठते. प्रेषित सात जण निवडायला सांगतात, आणि त्या सातांची नावं ग्रीक आहेत. बहुधा कुरकुर करणाऱ्यांच्याच बाजूची माणसं वाटपावर बसवली गेली. आपण नेमकं उलटं करतो: कुरकुर करणारा म्हणजे त्रासदायक, त्याला लांब ठेवा. एका वाडीची सतत तक्रार येत असेल तर पुढच्या वर्षीच्या कमिटीत त्या वाडीची दोन माणसं घ्या.

भाषेचंही बघा. आमच्याकडे उपासना मराठीत, पण घरात कुणाची कादोडी, कुणाची वाडवळी. कोर्लईत पोर्तुगीजमिश्रित बोली आहे, तुमच्याकडे मालवणी असेल. घरच्या भेटीत घरची बोली बोलणारा कारभारी मिळाला तर म्हातारी माणसं मनातलं सांगतात. प्रमाण मराठीत विचारलं की 'सगळं बरं आहे' एवढंच उत्तर मिळतं.

किनाऱ्यावरचा_सेक्रेटरी

पाळकसाहेब, दादा, खूप उपयोगी लिहिलंत. मुदतीबद्दल एक अडचण. मुख्य गावात माणसं सापडतील, पण लहान वाडीत काम करण्यासारखी तीनच जण आहेत. एक वर्ष विश्रांती दिली तर त्यांच्या जागी कोण? आणि मुंबईकरांबद्दल कुणी लिहिलं नाही. पैसा त्यांचा येतो, त्यामुळे त्यांना काही म्हणताही येत नाही.

हिशेबनीस_सिंधुदुर्ग

मुंबईकरांचं मी सांगतो, कारण ते शेवटी हिशेबाशीच जाऊन भिडतं.

आधी सभासद नोंदवही दोन भागांत करा: गावी राहणारे आणि बाहेरगावी असणारे. मतदान कुणाला, कुठल्या विषयावर, हे तुमच्या घटनेत आणि नियमांत काय आहे ते काढून एका पानावर लिहा. बहुतेक भांडणं हे पान कुणी वाचलेलं नसतं म्हणून होतात. मग विषय वाटा. इमारत, जमीन, मोठा खर्च हे विषय मे महिन्यातल्या सर्वसाधारण सभेत, मुंबईकर हजर असताना. उपासनेची वेळ, संडे स्कूल, गट, भेटी हे विषय वर्षभर गावी राहणाऱ्यांचे, मे महिन्याच्या सभेत ते फक्त वाचून दाखवायचे. सभेची नोटीस आणि हिशेब एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईला पोचले पाहिजेत. निर्णय उलटे होतात कारण माणसाला गावी आल्यावर पायरीवर कळतं. आधी कळलं तर तो मुंबईतच दोन फोन करून राग काढतो आणि सभेत शांत बसतो.

आता पैसे. लोक दिसणाऱ्या वस्तूला देतात: घंटा, लाद्या, स्पीकर, रंग. पाळकाचा औषधोपचार, पुस्तकं, संडे स्कूलचं साहित्य, दर वर्षीचं कौलांचं काम याला कुणी नावाने देत नाही. म्हणून ठराव करा की नावाने आलेल्या देणगीचा ठरावीक हिस्सा, समजा दहावा भाग, देखभाल निधीत जाईल, आणि हे देणगी घेण्यापूर्वीच सांगायचं. जांभ्याची भिंत आणि मंगलोरी कौलं असलेल्या इमारतीला दर उन्हाळ्यात कौलं फिरवणं, फुटलेली बदलणं, पन्हळी साफ करणं करावंच लागतं, आणि ते मेच्या अखेरीस पुरं व्हायला हवं. जूनमध्ये गवंडी मिळत नाही. २०२० च्या निसर्ग वादळाने ३ जूनला उत्तर कोकणात छपरं उडवली, तेव्हा ज्यांच्याकडे निधी बाजूला होता त्यांना कुणाच्या दारी जावं लागलं नाही. एक छप्पर गळलं की पाळकाचे सहा महिने कंत्राटदाराच्या मागे जातात, आणि ते आजाऱ्यांच्या वाट्याचे असतात.

अर्पण मोजायला दोघं, एका घरातली नकोत, आणि दर महिन्याला जोडी बदलायची. उपासना संपल्या संपल्या तिथेच मोजायचं, नोटांप्रमाणे कागदावर लिहायचं, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. पाळकाने पैशाला हात लावायचा नाही. हे त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. पौल २ करिंथ ८:२०-२१ मध्ये म्हणतो की एवढी मोठी देणगी नेताना कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून सोबत माणसं घेतली आहेत. पौलाला गरज वाटली तर आपल्यालाही वाटावी. महिन्याचा जमाखर्च एका पानावर नोटीस बोर्डावर.

ट्रस्टचं काम सगळ्यात जास्त मागे पडतं. नोंदणी ज्या ट्रस्टच्या नावावर असेल त्याच्या परिशिष्टाचा उतारा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून काढा आणि त्यावर कोण विश्वस्त आहेत ते बघा. बऱ्याच ठिकाणी त्यातले निम्मे स्मशानभूमीत असतात. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही की पुढे बँकेचं केवायसी अडतं, सहीचा अधिकार अडतो, आणि जमिनीवर कुणी हक्क सांगितला तर कोर्टात उभं कुणी राहायचं हाच प्रश्न. ट्रस्टची जमीन विकायची, अदलाबदल करायची, बक्षीस द्यायची असेल, किंवा शेतजमीन १० वर्षांहून आणि बाकीची जमीन-इमारत ३ वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची असेल तर कलम ३६ प्रमाणे आधी परवानगी लागते. सातबारावर नाव कुणाचं आहे तेही बघून ठेवा. तुमची मिळकत धर्मप्रांताच्या किंवा जुन्या मिशनच्या ट्रस्टच्या नावावर असेल तर हे सगळं त्यांच्या कार्यालयामार्फत, तुम्ही परस्पर नाही.

परदेशातल्या माणसांकडून पैसे घेताना सांभाळा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आखातातल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो तेव्हा ती विदेशी देणगी धरली जात नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलंय त्याची देणगी मात्र विदेशी, मग तो तुमच्याच वाडीचा असो आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) दाखवत असो. एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी पैसे प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नाताळच्या सुट्टीत प्रेमाने दिलेलं पाकीट घेतानासुद्धा हे विचारा.

लहान वाडीबद्दल: माणूस बदलता येत नसेल तर काम बदला. तिघांत तीन कामं असतील तर तीन वर्षांनी फिरवा. आणि पैशाच्या कामात एक नाव मुख्य गावातलं ठेवा.

महिला_मंडळ_वेंगुर्ला

भाऊंनी आणि पाळकसाहेबांनी लिहिलेलं सगळं पटलं, पण 'तीच चार-पाच माणसं' म्हणताना सेक्रेटरी भाऊंनी कुणाला मोजलं हे मला विचारावंसं वाटतं. गायनाच्या तालमीला चहा कोण करतं, वेदीवरची कापडं कोण धुतं, मयताच्या घरी जेवण कोण पोचवतं, संडे स्कूलला कोण बसतं? ही यादी एकदा कामाप्रमाणे कागदावर काढा. माझी खात्री आहे की थकलेली माणसं पाच निघणार नाहीत, पंधरा निघतील, आणि त्यातल्या बाराजणींना कमिटीत बोलावलेलं नसेल.

पाळकसाहेबांच्या मिसेसचं आधी बघा. त्यांची नेमणूक नाही, मानधन नाही, तरी महिला मंडळाचं अध्यक्षपद, संडे स्कूल आणि दारात आलेल्या प्रत्येकाचा चहा त्यांच्याकडे धरलेला असतो. पाळक लवकर थकतो तो पुष्कळदा घरातली थकलेली म्हणून. कमिटीने त्यांना स्पष्ट विचारावं की कुठलं काम मनापासून हवं आहे, आणि बाकीचं दुसऱ्यांना द्यावं. आठवड्याचा मोकळा दिवस दोघांचा असावा. बहुतेक ठिकाणी सोमवार सोयीचा पडतो. तो उपासनेत जाहीर करायचा, आणि त्या दिवशी फोन कुणी घ्यायचा ते नावासकट सांगायचं. मयत किंवा दवाखाना असेल तरच पाळकाला उठवायचं. मार्क ६:३१ मध्ये प्रभू शिष्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्या म्हणतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नव्हती. वार्षिक रजा मे आणि डिसेंबरमध्ये मिळणार नाही हे उघड आहे. भाताची लावणी उरकल्यावर ऑगस्टमध्ये द्या.

पावसाळ्यातल्या उपस्थितीची काळजी करताय, पण त्या दिवसांत माणसं असतात कुठे ते बघा. लावणी चालू असते, एस.टी. वेळेवर नसते, म्हाताऱ्यांना चिखलातून येता येत नाही. मासेमारी मात्र १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणजे बोटीवर जाणारे पुरुष वर्षातून या दोनच महिन्यांत घरी सापडतात. कोळीवाड्यातल्या घरांच्या भेटी आणि पुरुषांचा वचनवर्ग याच काळात ठेवा, संध्याकाळी, जाळी दुरुस्त करायच्या पडवीत. मुख्य गावात गर्दी नाही म्हणून हिरमुसण्यापेक्षा वाड्यांतल्या गटांनी आपापल्या ठिकाणी रविवारी जमावं आणि पाळकाने आलटून पालटून एकेका वाडीत जावं.

मयताच्या घरी आपण पहिले आठ दिवस गर्दी करतो, मग कुणी फिरकत नाही. मंडळाकडे एक तक्ता हवा: पहिल्या आठवड्यानंतर एक महिना, तीन महिने, सहा महिने, आणि वर्षाची तारीख. तिसऱ्या महिन्याची भेट सगळ्यात मोलाची. तोवर मुंबईहून आलेली मुलं परत गेलेली असतात, पेन्शनचे कागद अडकलेले असतात, आणि घर रिकामं वाटायला लागतं. या भेटीला दोघींनी जावं आणि कागदपत्रांचं काही अडलंय का हे जरूर विचारावं. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, बँक, एवढं जरी कुणी बरोबर येऊन केलं तर ते प्रार्थनेइतकंच पोचतं.

दहावी-बारावीनंतर पोरं गाव सोडतात, आणि बहुतेक ठिकाणी मंडळीशी नातं तिथेच तुटतं. जाण्याच्या आदल्या रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना, आणि ज्या शहरात जाणार तिथल्या मंडळीच्या पाळकाचा फोन नंबर त्यांच्या हातात. त्यांची परवानगी असेल तर त्यांचा नंबर त्या पाळकाला, पहिल्याच आठवड्यात. महिनाभराने दिला की तोवर रविवारची सवय मोडलेली असते.

संडे स्कूलच्या वर्गात दोन मोठी माणसं असल्याशिवाय वर्ग नको, दार उघडं, मुलाला घरी सोडायला शिक्षकाने एकट्याने जायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका असली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मंडळीचं नाव जाईल म्हणून कमिटीत मिटवणं हा गुन्हा आहे. दर जूनला नवीन शिक्षकांना हे वाचून दाखवा आणि त्यांची सही घ्या.

किनाऱ्यावरचा_सेक्रेटरी

ताई, यादी काढतो, आणि कामाप्रमाणेच काढतो.

शेवटचं एक विचारतो. आमचे खजिनदार वयस्कर आहेत, प्रामाणिक आहेत, वर्षानुवर्षं हिशेब तेच बघतात. हिशेबात एक रुपयाची चूक नाही. पण वही दुसऱ्याला दाखवत नाहीत आणि बदलाचा विषय काढला की 'माझ्यावर विश्वास नाही का' म्हणतात. त्यांना न दुखवता हे कसं करावं?

निवृत्त_पाळक

विश्वासाचा विषय काढूच नका, तो त्यांनी काढला तरी. 'तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, आणि तुम्ही केलंय ते पुढच्याला शिकवायला तुमच्याशिवाय कुणी नाही' एवढंच बोला, आणि ते खरंही आहे. हे बोलणं पाळकाने करावं, त्यांच्या घरी जाऊन, दुसऱ्या कुणाच्या देखत नको. कमिटीत हा विषय अचानक आणला तर तो माणूस कायमचा तुटतो आणि त्याच्याबरोबर त्याची भावकीही.

वेळ नीट निवडा. हिशेब ३१ मार्चला बंद होतात, म्हणून बोलणं ऑक्टोबरमध्ये व्हावं. ऑक्टोबर ते मार्च हे वर मी लिहिलेले सहा महिने. नवीन माणूस आधी फक्त पावत्या लावेल, मग जमाखर्च लिहील, मग मार्चचा ताळेबंद दोघं मिळून करतील. एप्रिलपासून नवीन वही नव्याच्या हाती, नवीन पानावरून. जुन्या वह्या त्यांच्या सहीने आणि ऑडिटरच्या शिक्क्याने बंद करून चर्चच्या कपाटात. कपाटाच्या किल्ल्या दोन, दोघांकडे. बँकेच्या सहीत बदल करायचा ठराव मार्चच्या बैठकीत घ्या, म्हणजे मे महिन्यात मुंबईकर येईपर्यंत कागद पुरे झालेले असतील.

त्यांना रिकामं बसवू नका. एवढी वर्षं ज्याने हिशेब ठेवले त्याला मंडळीच्या जमिनी, जुन्या देणग्या, कबरींची नोंद तोंडपाठ असते. ती लिहून काढायचं काम त्यांना द्या, एक तरुण मदतीला देऊन, आणि त्याला मुदत घाला: पुढच्या नाताळपर्यंत.

आणि त्यांच्या विरुद्ध कुणी कानात काही सांगितलं तर १ तीमथ्य ५:१९ लक्षात ठेवा. दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलावरचा (एल्डरवरचा) आरोप ऐकायचा नाही. निनावी पत्र आलं तर वाचून न दाखवता फाडा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हा विषय येता कामा नये. तिथे फक्त सूचना, आणि सूचना टाकायचा हक्क तिघांनाच.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी उपासनेत त्यांचे आभार माना. नुसतं नाव घेऊन नाही, त्यांनी कुठल्या अडचणीच्या वर्षी काय सांभाळलं ते सांगून. ते आधी त्यांच्या घरच्यांकडून विचारून घ्या, तारखा चुकायला नकोत.